सोमारूचं हेलिकॉप्टर

नरहर मोघ्यांनी रायपूरच्या टोकाला, देवपुरीला घर बांधलं, तेव्हा जुन्या वस्तीतल्या, तात्यापाऱ्यातल्या नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. इतक्या लांब, माना विमानतळाच्या अंगाला, डोक्यावरून सतत विमानं जाणार. नरहरना तर तेच हवं होतं. विद्युत मंडळातली नोकरी संपली, मुलगा गंधार बेंगळुरूहून येताना चांगला कॅमेरा घेऊन आला, आणि मग त्यांचे दिवस गच्चीवरच जायला लागले.

प्रवासी विमानांचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. त्यांचा जीव अडकायचा तो फौजी विमानांत. कधी हवाई दलाचं पोटाळ मालवाहू विमान यायचं, कधी एखाद्या समारंभाच्या सरावासाठी जेट यायचे आणि सगळ्या कॉलनीच्या खिडक्या थरथरवून जायचे. आणि बस्तरकडून, धमतरी रस्त्याच्या वरून, अगदी खालून उडत येणारी हेलिकॉप्टरं तर नेहमीचीच. आवाज कानावर पडला की नरहर हातातला घास ताटात टाकून जिन्याकडे पळत.

"अहो, जेवण तर करा!" विजयाबाई ओरडत.

"आलोच. फौजी आहे हे. आवाज ऐक न."

विजयाबाईंना तो आवाज आवडत नसे. एकदा त्यांनी विचारलं होतं, "कोण असते हो त्याच्यात?"

"जवान असतात. सामान असते. कधी अफसर."

"जखमी बी असतात न? पेपरात येते."

"असतात कधी कधी," नरहर म्हणाले आणि लेन्स पुसायला लागले.

मार्चातल्या एका दुपारी एक हेलिकॉप्टर इतकं खालून गेलं की शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर उडून रस्त्यावर पडली. नरहर आधीच वर होते. हेलिकॉप्टर येताना दिसल्यापासून पाण्याच्या टाकीमागे नाहीसं होईपर्यंत त्यांनी फोटो काढले. त्यातला एक फारच सुरेख आला. हेलिकॉप्टर किंचित कललेलं, पंख्याची पाती अर्धवट विरघळल्यासारखी, बाजूचं दार उघडं आणि दारात बसलेल्या जवानाचा एक गुडघा. मागे निव्वळ उन्हाने पांढरं पडलेलं आभाळ.

तो फोटो त्यांनी आपल्या ग्रुपवर टाकला. विमानांचे फोटो काढणारे दहाबारा जण होते त्यात. भनपुरीचा ट्रान्सपोर्टवाला यज्ञेश्वर होता, पंडरीतला एक कापडवाला होता, काही कॉलेजातली पोट्टी होती. "क्या शॉट है अंकल!" "कमाल!" असे एकामागून एक शेरे आले. यज्ञेश्वरने तर फोन करून सांगितलं, "मोघे भैया, हे फ्रेम करून लावा."

नरहर त्या संध्याकाळी फार खुशीत होते. विजयाबाईंनाही त्यांनी दोनदा फोटो दाखवला. "चांगला आहे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजयाबाई गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात गेल्या. खाजगी दवाखाना होता, मोठा. आठवड्यातून दोनदा त्या तिथे जात. त्या दिवशी फाटकापाशी पोलिसांच्या गाड्या उभ्या होत्या. आतल्या पायऱ्यांवर एक बाई बसली होती. चाळिशीची असेल. कपाळावर, हनुवटीवर गोंदण, अंगावर आखूड नेसलेली सुती साडी, पायांत काही नाही. मांडीवर एक पिशवी घट्ट धरलेली. जाणाऱ्यायेणाऱ्या प्रत्येकाला ती तेच विचारत होती आणि कोणी थांबत नव्हतं.

विजयाबाई जवळून गेल्या तेव्हा तिने त्यांनाही विचारलं, "मचो लेका काहाँ आसे?"

विजयाबाई थबकल्या. बोली बस्तरकडची, हलबी होती, हे त्यांना कळलं. कधी ऐकलेली होती, बोलता येत नव्हती. पण 'लेका' म्हणजे काय हे मराठी बाईला कोणी सांगायला नको. त्या तिच्याशेजारी पायरीवर बसल्या. व्यायामाच्या खोलीतून त्यांचं नाव पुकारलं गेलं, तरी उठल्या नाहीत.

थोड्या वेळाने एक महिला शिपाई धावत आली. तिचं नाव सोनिया. जगदलपूरची होती, तिला हलबी येत होती. तिने विजयाबाईंना बाजूला घेतलं आणि हिंदीत हळूच सांगितलं, की या सुकमती. यांचा मुलगा सोमारू पोलिसात भरती झाला होता. काल जंगलात सुरुंग फुटला. त्याला हेलिकॉप्टरने इथे आणलं. आईला खबर मिळाली ती संध्याकाळी. मग ती गावातून मोटारसायकलवर सडकेपर्यंत आली आणि तिथून बसने रात्रभर प्रवास करत इथे पोचली.

"आणि पोरगा?" विजयाबाईंनी विचारलं.

सोनियाने मान हलवली. "सुबह चला गया, आंटी. ये पहुँचीं उससे थोड़ा पहले. साहब आ रहे हैं बताने. मुझसे नहीं होगा."

पण साहेब यायला वेळ लागला, आणि सुकमती सोनियाच्या तोंडाकडे पाहत राहिली. शेवटी सोनियानेच तिच्यापुढे उकिडवं बसून तिच्या बोलीत दोन वाक्यं सांगितली.

सुकमती ओरडली नाही. तिने पिशवी उघडली, आतून पानात बांधलेलं काहीतरी काढलं, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा आत ठेवलं. मग ती पुढे वाकत वाकत गेली, कपाळ गुडघ्यांना टेकलं. विजयाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ जोरजोराने हलत होती, आवाज मात्र काही येत नव्हता.

तिला मुलगा दाखवला. मग तपासणी, पंचनामा, सह्या. उद्या सकाळी देह हेलिकॉप्टरने परत न्यायचा आणि आईलाही त्यातूनच न्यायचं, असं ठरलं. तोवर तिची सोय पोलीस लाइनमध्ये केली होती, पण ती खोलीबिली काही नको म्हणत पायऱ्यांवरच बसून राहिली. दुपार चढली. विजयाबाई सोनियाला म्हणाल्या, "माझं घर इथंच जवळ आहे. तू बी चल सोबत. इथं ऊन लागून ही बाई पडेल."

सोनियाने साहेबांना विचारलं. साहेबांनी पत्ता आणि फोन नंबर घेतला आणि हो म्हटलं.

फाटक वाजलं तेव्हा नरहर गच्चीवरून खाली आले. विजयाबाईंनी त्यांना स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. नरहर ऐकत होते. मग एकदम म्हणाले, "काल? काल कधी?"

"दुपारी."

"कोणत्या दवाखान्यात?"

"सांगितलं न, माझ्याच."

नरहर खुर्चीवर बसले. काल दुपारी त्या बाजूला एकच हेलिकॉप्टर गेलं होतं. खिशातला फोन त्यांनी काढला. ग्रुपवर रात्री आणखी कोणीतरी टाळ्यांची चित्रं टाकली होती. त्यांनी तो फोटो ग्रुपवरून काढून टाकला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

"विजया, मले काय माहीत होतं."

"मी कुठं काही म्हणून राहिले," विजयाबाई म्हणाल्या. त्यांनी वरणभाताचा कुकर लावला.

सुकमती दोन घास जेवली. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून खालीच बसली. सोनिया तिच्याजवळ होती. जरा वेळाने सुकमती बोलायला लागली, आणि सोनिया सांगत गेली. सोमारू दोन बहिणींवरचा एकुलता एक. लहानपणी ताडावर चढायचा. नोकरी लागली तेव्हा बापाला फार राग आला होता, मग बाप वारला. नक्षलवाद्यांच्या भीतीने गावात त्याला यायची सोय नव्हती, म्हणून वर्षभर तो घरी आला नव्हता. आठवडी बाजारात आईला भेटायचा, कधी कधी तोंडाला रुमाल बांधून.

मग तिने काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?" विजयाबाईंनी विचारलं.

"पूछ रही हैं, उसको लाए कैसे. हेलिकॉप्टर मतलब कितना बड़ा, लेटने की जगह होती है क्या. इन्होंने पास से कभी देखा नहीं, आंटी. गाँव के ऊपर से जाता है बस."

विजयाबाईंनी नरहरकडे पाहिलं. नरहर खाली मान घालून बसले होते. ते उठले, आतून कॅमेरा आणला आणि सुकमतीसमोर जमिनीवर बसले. गुडघे दुखत असूनही मांडी घालून बसले.

"सोनिया, यांना सांग," ते म्हणाले, "काल हे आमच्या घरावरून गेलं. मी वर होतो. मी फोटो काढला. मले माहीत नव्हतं आत कोण आहे."

सोनियाने सांगितलं. नरहरनी कॅमेऱ्याचा लहान पडदा पुढे केला.

सुकमतीने कॅमेरा दोन्ही हातांत घेतला. बराच वेळ ती पाहत राहिली. दारातल्या जवानाच्या गुडघ्यावर तिने बोट ठेवलं. नरहरनी मान हलवली. "नाही. तो सोबतचा जवान. तुमचा आत असेल, झोपवलेला." तिचं बोट दारातल्या काळोखावर सरकलं.

"जीव रलो?" तिने विचारलं. हे सोनियाने सांगण्याआधीच नरहरना समजलं.

"होता. तेव्हा होता. त्याच्यासाठीच तर ते इतक्या घाईनं चाललं होतं."

ती पुन्हा काही बोलली. सोनियाने सांगितलं, "पूछ रही हैं कि रास्ते में कोई देख रहा था क्या उसको. मतलब नीचे से. जाते हुए."

नरहर म्हणाले, "मी पाहत होतो." मग त्यांनी पुन्हा सांगितलं. "तिकडून आलं तेव्हापासून दिसेनासं होईस्तोवर. मी एकदा बी नजर हटवली नाही. हे यांना नीट सांग."

सोनियाने सांगितलं. तेव्हा सुकमती रडली. दिवसभरात पहिल्यांदा आवाज काढून, तोंड उघडून रडली, आणि विजयाबाईंनी तिला जवळ घेतलं. नरहर कॅमेरा मांडीवर घेऊन तसेच बसून होते.

संध्याकाळी ते स्कूटरने स्टुडिओत गेले आणि फोटोची प्रत काढून आणली. स्टुडिओतल्या पोऱ्याने मोठ्या आकारात काढू का म्हणून विचारलं. नको, पिशवीत मावेल एवढाच दे, असं त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांची गाडी आली. नरहरनी फोटो सुकमतीच्या पिशवीत ठेवला, विजयाबाईंनी तिला आपल्या नव्या चपला दिल्या. तिने त्या घातल्या आणि चार पावलं चालून हातात घेतल्या. जाताना तिने नरहरना फोन नंबर मागितला. तिच्याकडे फोन नव्हता. धाकटी मुलगी बारसूरच्या वसतिगृहात शिकत होती, तिच्याकडे होता. सोनियाने नंबर कागदावर लिहून तिच्या पदराला बांधला.

पोलीस लाइनच्या मैदानावरून निघालेलं हेलिकॉप्टर घरावरूनच गेलं. नवराबायको दोघंही गच्चीवर उभी होती. विजयाबाई गुडघ्यामुळे वर्षभर वर चढल्या नव्हत्या.

"भीत असेल हो ती," त्या म्हणाल्या.

"सोनिया आहे न सोबत."

त्यानंतर नरहर ग्रुपवर फारसं बोलेनासे झाले. यज्ञेश्वरने विचारलं, "भैया, तो फोटो काहून काढून टाकला?" त्यांनी सांगितलं, "असंच." पुढे जेटांचा मोठा सराव झाला, कॉलनीतली सगळी माणसं गच्च्यांवर गोळा झाली, तेव्हा तेही वर गेले. जेटांनी आभाळात रंगीत धूर सोडला, पोट्टे नाचले. नरहरनी काही फोटो काढले. चांगले आले. पण ते त्यांनी कोणाला पाठवले नाहीत.

पावसाळा सरता सरता एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. रेंज तुटत होती. एक मुलगी हिंदीत म्हणाली, "अंकल, मैं सोमारू की बहन. माँ बात करेगी." मागे कोंबड्यांचा आवाज, कोणीतरी लाकूड फोडत असलेलं. मग सुकमतीचा आवाज आला, मोठ्याने, फोनवर बोलायची सवय नसलेल्या माणसाचा.

"गोटोक गेली," ती म्हणाली. "दखा."

नरहरना कळेना. मुलीने फोन घेतला. "अभी एक गया, अंकल, हमारे ऊपर से. बहुत नीचे से, रायपुर तरफ. माँ बोलती है, उसमें कोई होगा. आप ऊपर जाके देखना."

"हव," नरहर म्हणाले. "सांग तिले, मी जातो."

विजयाबाई दारात उभ्या होत्या. नरहर जिना चढून वर गेले. कॅमेरा खालीच राहिला. आभाळात ढग होते, धमतरीच्या बाजूला तर फारच दाट. ते कठड्यापाशी उभे राहिले.

तास झाला असेल. काही आलं नाही. कदाचित ते दुसऱ्या वाटेने गेलं असेल, कदाचित जगदलपूरलाच उतरलं असेल. बारीक पाऊस पडायला लागला.

"अहो, या आता खाली. भिजाल न," विजयाबाईंनी जिन्यातून हाक मारली.

"येतो. थोडा वेळ अजून," नरहर म्हणाले, आणि चष्मा पुसून पुन्हा दक्षिणेकडे पाहत उभे राहिले.