हजार मीटरनंतर

माझी धाकटी बहीण नऊ वर्षं दुसऱ्यांसाठी धावली. पंधराशे मीटरच्या मोठ्या शर्यतींत एक पेसर ठेवतात. तिने पुढे राहून वेग धरायचा, हजार मीटरला मुकाट्याने बाजूला व्हायचं आणि मागच्यांनी विक्रम करायचे. हिच्याइतका नेमका वेग कुणालाच धरता येत नसे, म्हणून नावाजलेल्या धावपटू हिलाच मागून घ्यायच्या. नाव त्यांचं, दमछाक हिची! मला भयंकर राग यायचा. ती बाजूला झाली की मी टीव्हीच बंद करून टाकायचे.

एकतिसाव्या वर्षी ती म्हणाली, "ताई, आता एकदा माझ्यासाठी धावते." निवड चाचणीत दुसरी आली आणि बघता बघता ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली. तिथे पेसर नसतो. आज पदक हुकलं तर पुन्हा संधी नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

मी डायलिसिसच्या वॉर्डात टेक्निशियन आहे. त्या दुपारी सहाही पेशंट मशीनला जोडलेले आणि सगळ्यांच्या माना टीव्हीकडे. सुरुवातीला कुणी पुढे व्हायलाच तयार नव्हतं, सगळ्या एकमेकींची तोंडं बघत होत्या. मग आमच्या बाईसाहेब निघाल्या पुढे.

"झालं! सवय जाते कुठे!" मी कपाळावर हात मारला.

दहा मीटर, वीस मीटर. बाकीच्या तिला खुशाल जाऊ देत होत्या. इतकी वर्षं तिची पाठ बघून त्यांच्याही ते अंगवळणी पडलं होतं: ही काय, होईल आता बाजूला. हजार मीटर झाले आणि माझाही हात आपसूक रिमोटकडे गेला.

"खबरदार!" तीन नंबरच्या बेडवरचे आजोबा ओरडले. "पोरगी धावतेय अजून!"

धावत होती! मागच्यांच्या डोक्यात प्रकाश पडला तोवर शेवटच्या फेरीची घंटा वाजून गेली होती. मग जी काय धांदल उडाली त्यांची! दोघी जीव खाऊन सुटल्या, अंतर भराभर कमी होत गेलं, माझ्या तोंडचं पाणी पळालं. शेवटच्या दहा मीटरला एक तिच्या खांद्याशी आली. पण खांद्याशीच राहिली.

सुवर्णपदक! मी रडले, नाचले. मशीनला धक्का लागेल म्हणून हेड नर्सनी मला दम भरला आणि लगेच स्वतःच मिठी मारली.

तासाभराने तिचा फोन आला. मला वाटलं, हुंदके देईल. ती तर हसतच सुटली होती.

"ताई, शेवटच्या वळणावर पुढे कुणी नसलं की काय मोकळं दिसतं गं! आणि हे मी नऊ वर्षं दुसऱ्यांना देऊन टाकत होते!"