समोरून पाहिलेली बैलजोडी

मी पेंडीचं पोतं बोलतंय. नाकाला पदर लावू नका, आता माझ्या अंगाला सरकीचा वास येत नाही. तेलगावातल्या एका घरात, बसायच्या खोलीत, मी भिंतीवर दिमाखात टांगलेलं आहे. आलेला पाहुणा आधी मला बघतो, मग पाणी पितो.

जन्म माझा तागाचा. एका सहकारी संस्थेने माझ्या पोटात पेंड भरली, पाठीवर निळा शिक्का मारला आणि मला वडवणीजवळच्या चारा छावणीत पाठवून दिलं. साल दुष्काळाचं. दूध संस्थेने माळावर उघडलेल्या त्या छावणीत आसपासची गावं आपापली जनावरं घेऊन राहायला आली होती. जनावरं दावणीला, माणसं शेजारी पालात. पेंड संपल्यावर रिकाम्या पोत्याचे जे हाल होतात तेच माझे झाले. कुणी मला उन्हात डोक्यावर घेतलं, कुणी अंगाखाली अंथरलं. एक गाय तर चक्क माझ्यावर व्याली! तक्रार कुणाकडे करणार?

अशा अवस्थेत सारजाबाईने मला उचललं. ती आणि तिचा नवरा तात्याबा दोन बैल घेऊन छावणीत आले होते. सोन्या पांढरा, कोसा काळा. त्यांच्या लेकीचं, केसरचं, लग्न तेलगावच्या ऊसवाल्या घरात ठरलं होतं. सारजाबाईला एकच घोर लागला होता, रुखवताचा. मुलीकडच्यांनी आपल्या हातची कला मांडवात मांडायची आणि वरपक्षाच्या बायकांनी ती निरखून बघायची, ही तिकडची रीत. पण गहूच पिकला नव्हता, मग काड्यांचा बंगला कशाचा करणार? लोकर, मणी आणायला बाजारात कोण जाणार?

तिने माझी शिवण उसवली. हौदात बैलांनी पिऊन उरलेल्या पाण्यात मला खळखळून धुतलं. जळक्या काटकीने माझ्यावर चित्र काढलं: शेताकडे निघालेली, समोरून दिसणारी बैलजोडी, आणि त्यांच्या मागे धनी. पांढरा धागा घरच्या कापसाचा, हाताने वळलेला. काळा धागा शेजारच्या धुळाजी मेंढपाळाच्या फाटक्या घोंगडीतला. लाल-हिरवा तिच्या स्वतःच्या जुन्या लुगड्याच्या काठातला. दाभण टोचायची, नाही म्हणत नाही, पण आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यात काही ओतण्याऐवजी माझ्यावर काहीतरी काढत होतं. मी मुकाट्याने टोचून घेतलं.

दुपारी जनावरं रवंथ करायला लागली की बायका लिंबाखाली जमायच्या. आधी नुसत्या बघायच्या. मग एकीने चाऱ्यातल्या मक्याच्या सालींची फुलं केली, दुसरीने उसाच्या पाचटाचं तोरण वळलं. टँकर कधी येणार याशिवाय दुसरं बोलणंच नव्हतं त्या छावणीत, तिथे आता शिंगं किती लांब हवीत यावर भांडणं व्हायला लागली. मला त्या भांडणांची फार मजा वाटायची.

फक्त सारजाबाईची जाऊ छबुबाई हसली. "पेंडीचं पोतं मांडवात? अगं, ऊसवाले लोक हायत ते. नावं ठेवतील की!"

ते केसरच्या मनाला लागलं. "आई, नको मांडू," ती म्हणाली. "मला लई लाज वाटंल."

"रिकाम्या टेबलापुढं माझी लेक उभी ऱ्हायची न्हाई," सारजाबाई म्हणाली. "मी मांडणार."

आणि तिने मांडलं. लग्नाच्या दिवशी मक्याची फुलं, पाचटाचं तोरण आणि मधोमध टांगलेलं मी. वराची आई कौशल्याबाई आपल्या बायका घेऊन रुखवत बघायला आली. तेवढ्यात तात्याबाने मला पहिल्यांदा पुरतं पाहिलं आणि सगळ्या मांडवादेखत ओरडला, "अगं, सोन्या उजवीकडं कावून? डाव्या अंगाचा बैल हाय ना त्यो!"

झालं! रुखवताकडे कधी ढुंकून न बघणारे पुरुष धावत आले. बैल कोणत्या अंगाला चालतो ही काय लहान गोष्ट आहे? छबुबाईने पदराआड तोंड लपवलं. केसर मुंडावळ्यांसकट खाली बघायला लागली. माझ्या तर दोऱ्या-दोऱ्याला घाम फुटला.

सारजाबाई मात्र ठाम उभी. "तुमी त्यांना औतामागून बघता," ती नवऱ्याला म्हणाली. "मी समोरून बघते. छावणीत रोज त्यांच्या म्होरं वैरण कोण टाकीत व्हतं? मला दिसले तसे काढले."

कौशल्याबाई पुढे आली. तिने मला काढलं, उलटं केलं आणि पुन्हा अडकवलं. मागच्या बाजूने सोन्या डावीकडे, कोसा उजवीकडे. "घ्या, आले बैल जाग्यावर," ती म्हणाली, आणि सगळा मांडव हसला. "पण हे केलंय कुणी?"

"माझ्या आईनं," केसर म्हणाली. इतकं मोठ्याने की वाजंत्रीवाल्यांनीही वळून पाहिलं.

त्या दिवसापासून या घरात मी उलटंच टांगलेलं आहे. दिवाळीला सारजाबाई आली, मला बघितलं आणि खिळ्याकडे हात नेला. "हे काय गं? चांगली बाजू भिंतीला लावून ठिवली!"

केसरने तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे आई. हिकडून तुझ्या गाठी दिसत्यात."

सारजाबाई माझ्यावरच्या एकेका गाठीवरून बोट फिरवायला लागली.

मंडळी, तुमच्याही भिंतीवर कुणाच्या तरी हातचं काही टांगलेलं असेल. माझं एवढंच मागणं आहे: एकदा ते खिळ्यावरून काढा आणि मागून बघा.