एक पाय सोडवल्याबिगर

मेला रेडिओ बंद पडला तो नेमका विहीणबाई यायच्या आदल्या दिवशी. कामशेतात तवा रेडिओ दोनच, एक डाक्तरांचा आनि एक आमच्या तांदळाच्या दुकानातला. विहिणीला आता दावायचं काय, ह्या काळजीनं आमच्या मालकांना जेवान ग्वाड लागंना. लोनावळ्याहून सोपान मिस्तरीला बोलावलं. लढाईत तो बिनतारी खात्यात व्हता, आता बंगल्यांतले रेडिओ नीट करायचा.

विहीणबाई तळेगावजवळच्या परंदवडीहून आमच्या लेकीला, सरूला न्यायला आल्या. दिवाळीला आलेली पोर वाळून काडी झालती. "तिकडचं पानी मानवत नसंल," मालक म्हणायचे. परंदवडी म्हंजी काय विलायत हाय व्हय! पर पोरगी तोंड उघडंल तर शप्पत.

ओसरीवर समदे बसले. सोपाननं रेडिओची आतडी भाहेर काढलेली. विहीणबाईंनी समद्यांदेखत इचारलं, "काय गं सरू, आमच्यात काय कमी हाय का तुला?"

"न्हाई."

"खायाप्यायाचं?" मालकांनी इचारलं.

"बरं हाय."

झालं! मालकांनी समाधानानं पान लावायला घेतलं.

सोपाननं मीटरच्या दोन तारा एका बारक्या रेझिस्टरच्या दोन टोकांना टेकवल्या. काटा हलला.

"चांगला हाय की," मालक म्हणाले.

"असं सांगता येत न्हाई, आबा. जोडलेला असला की शेजारचे पार्ट ह्याच्या वतीनं काटा हलवत्यात. एक पाय सोडवल्याबिगर खरं कळत न्हाई." तापल्या लोखंडानं कथलाचा डाक वितळवून त्यानं एक टोक मोकळं केलं आनि परत तारा टेकवल्या. काटा ढिम्म. "बगा. ह्यो कवाचाच मेलाय."

मी सरूकडं बगितलं. ती सासूशेजारीच बसलेली.

"सरू, चल गं मागं, म्हशीला पानी दावायचंय."

विहीणबाईपन उठाया लागल्या. "बसा, तुमी पाव्हण्या," म्हणून मी त्यांना खाली बसवलं.

गोठ्यात म्हणलं, "आता सांग."

सरूनं आदी म्हशीकडं बगितलं, मग माझ्याकडं. "तांदळाच्या कणगीला कुलूप हाय, आई. किल्ली सासूबाईंच्या कमरंला. मोजून देत्यात. माझ्या ताटापतुर येईस्तवर भात सरतो."

ती रडली न्हाई. मी रडले. मग लय राग आला, आनि त्या रागातच ओसरीवर आले.

"सरू येनार न्हाई."

"अगं, लोक काय म्हणतील!" मालकांचं तोंड उतरलं.

विहीणबाई कडाडल्या, "आत्ता तर बरं हाय म्हणाली! बोलवा तिला. माझ्या तोंडावर सांगू द्या."

ही पोर सासूम्होरं परत बरं हाय म्हणाली, तर मी काय करनार?

सरू आली, दारात उभी राहिली.

"येते की," ती म्हणाली. मग सासूकडं वळली. "कणगीची किल्ली तेवढी माझ्याकडं द्या."

विहीणबाईंचा हात चटकन कमरंला गेला, आनि तिथंच घट्ट राहिला.

मालकांनी तो हात बगितला. पाव्हण्याला जन्मात वाकडा शब्द न बोललेला मानूस. उठले, विहीणबाईंची पिशवी आनून त्यांच्या म्होरं ठेवली.

"तळेगावची गाडी संध्याकाळी हाय," म्हणाले, "पर तुमी आत्ताच ठेसनात जाऊन बसा."