कडेच्या दोघी

"आमी नाय यात," मोतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन प्रीतीच्या पुढे धरला.

अंबरनाथच्या त्या पंप कारखान्याची नवी वेबसाइट आज दाखवायची होती. नोकरी सुटल्यावर प्रीतीनं स्वतःच्या नावावर घेतलेलं हे पहिलंच काम. लॅपटॉपवर पहिल्या पानावरचा, गेल्या वर्षी काढलेला फोटो झकास दिसत होता: मधोमध मालक हरेशभाई, दोन्ही बाजूंना सगळे कामगार. हरेशभाई खूश होते. पण कामगारांकडे लॅपटॉप कुठला? जेवणाच्या सुट्टीत त्यांनी आपापल्या फोनवर पान उघडलं. अरुंद पडद्यावर फोटोच्या कडा कापल्या गेल्या होत्या. उरले हरेशभाई आणि दोन सुपरवायझर.

प्रीती ओशाळली. फोनवर पान कसं दिसतं ते तिनं तपासलं होतं. बटणं, मेनू, अक्षरं, सगळं. माणसं तेवढी तपासायची राहिली होती.

फोटो लहान केला तर चेहरे तिळाएवढे झाले. हरेशभाईंना ते पटेना. गिऱ्हाईक फोनवरूनच येतं, त्याला मालक ठसठशीत दिसायला हवा, आहे तसंच आज चालू करून टाक, म्हणाले. हो म्हणणं सोपं होतं. तिनं एक दिवस मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी फोटो मोठाच होता, पण बोटानं सरकत होता. उघडताना मालक समोर, सरकवलं की बाकीचे.

"बीच में तो मैं ही हूँ ना?" हरेशभाईंनी खात्री करून घेतली आणि मान डोलावली.

मोतीबाई पंपांच्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळायच्या. जाड झालेल्या बोटानं त्यांनी फोटो हळूहळू सरकवत नेला. स्वतःपाशी आल्या तरी थांबल्या नाहीत. पार कडेला, हिरव्या साडीतल्या बाईपाशी थांबल्या.

"ही रखमा. माज्या बाजूच्या मशीनवर व्हती. पावसाल्यात गेली. पोरींकडं तिचा फोटूच नाय." मग हळूच विचारलं, "ह्ये असंच राहील ना, बाय?"

वेबसाइट दोन-तीन वर्षांत बदलतात. प्रीतीनं ते सांगून टाकलं. मग मूळ फोटो मोतीबाईंच्या फोनमध्ये घालून दिला, तो कुठं सापडेल तेही दाखवलं.

भोंगा वाजला. बायका उठून मशीनकडे गेल्या. मोतीबाई मात्र दोन बोटांनी रखमाचा चेहरा मोठा करत राहिल्या, पार अंधुक होईपर्यंत. मग पुन्हा ओळखू येईल इतका त्यांनी तो लहान केला.