अर्ध्या प्याल्याच्या वरचा चहा

मित्रांनो, मला पाहून तुम्ही नाक मुरडाल. माझ्या तोटीला पत्र्याचे टोक आहे, झाकण दुसऱ्याच कुठल्या किटलीचे आहे आणि पोटावरची कापसाची पांढरी फुले घासून घासून निम्मी उरली आहेत. पण मला लाज वाटते ती या रूपाची नाही. ज्याची वाटते, ते सांगायलाच आज तोंड उघडले आहे.

मी निळ्या चिनी मातीची. भट्टीतून निघाले तेव्हा इतकी चकाकत होते की मला रंगवणाऱ्या बाईंनी माझ्यात बघून डोक्यावरचा रुमाल नीट केला. पेंढ्यात गुंडाळून मी शहरिसब्झ या गावी आले आणि कालव्याकाठी, तुतीच्या झाडाखालच्या हमदमच्या चहाखान्यात कामाला लागले. पहिल्याच वर्षी हमदमने मला नळावर आपटले आणि तोटीचे टोक उडाले. त्याने मला टाकले नाही, पत्रा बसवून आणला. तेव्हापासून माझी धार इतकी नेमकी पडू लागली की गिऱ्हाइके मलाच मागू लागली. मी जरा फुशारले होते, हे कबूल करते.

आमच्याकडे पाहुण्याच्या प्याल्यात दोनच घोट चहा ओततात. तो संपला की पुन्हा दोन घोट. चहा जितका कमी, तितका मान जास्त, कारण तुम्ही अजून बसावे अशी ओतणाऱ्याची इच्छा असते. काठोकाठ भरलेला प्याला म्हणजे, प्या आणि उठा. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळते.

दर गुरुवारी दुपारी आमच्या ओट्यावर एकच वाद रंगे: जगातला सर्वांत मोठा सेनापती कोण? इतिहासाचे निवृत्त शिक्षक तोशपुलात मास्तर तैमूरच्या बाजूचे. तैमूर आमच्याच मातीतला, त्यामुळे बहुतेक लोक त्यांच्याकडे. नोरबाय खाटीक निव्वळ मास्तरांना चिडवायचे म्हणून चंगेजची बाजू घेई. मास्तर चादरीवर प्याले मांडून किल्ले करीत, सुक्या जर्दाळूंचे घोडेस्वार करीत आणि पडलेले घोडेस्वार तोंडात टाकीत.

"मास्तर, लढाई तुमचा तैमूर जिंकतो, पण जर्दाळू माझे संपतात," नोरबाय म्हणे.

एरगश अका मात्र कुणाचीच बाजू घेत नसत; अका म्हणजे आमच्याकडे थोरला भाऊ. ते मास्तरांहून चार वर्षांनी मोठे, जन्मभर कापसाच्या शेतात ट्रॅक्टर चालवलेले. घरी चहा ओतणारे तेच आणि पिणारेही तेच. त्यांनी अंगाखांद्यावर वाढवलेला धाकटा भाऊ सोबिर अफगाण लढाईवर गेला तो परतला नव्हता. हे सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून कुणी विचारत नसे. त्यांच्या आठवड्यात माणसांचा आवाज म्हणजे हा एक गुरुवार.

कलिंगडांच्या दिवसांतला तो गुरुवार. मास्तरांनी नुकतीच एक मोठी लढाई जिंकली होती. एरगश अकांनी चादरीच्या कोपऱ्यातल्या तीन जर्दाळूंवर बोट ठेवले.

"तोशपुलात, यांची नावं काय?"

"नावं कसली, अका? ती पुढची तुकडी. ती पडते म्हणून तर शत्रू आत येतो. तोच डाव आहे."

"आपण पडणार हे त्यांना कुणी सांगितलं होतं का?"

मास्तरांनी हातातला जर्दाळू खाली ठेवला. नोरबाय मांडीवर थाप मारून हसला. "बारा वर्षांत पहिल्यांदा मास्तरांची बोलती बंद झाली, बघा!"

सगळेच हसले. मास्तरांचे कान लाल झाले. त्यांनी मला उचलले आणि लोकांकडे तोंड करून बोलता बोलता अकांच्या प्याल्यात ओतू लागले. "ज्यानं जन्मभर ट्रॅक्टर हाकला, त्याच्याशी युद्धशास्त्र काय बोलायचं?"

मित्रांनो, किटलीला हात कळतो. अर्ध्या प्याल्यापर्यंत ती चूक होती. मास्तरांचे लक्ष खरोखरच नव्हते. मग त्यांनी खाली पाहिले. हात क्षणभर थबकला आणि त्याने मला आणखी कलते केले. त्यापुढचा चहा चूक नव्हता. आणि मी, धारेचा तोरा मिरवणारी, एक थेंबही न सांडता काठापर्यंत ओतत राहिले.

ओट्यावरच्या सगळ्यांच्या नजरा त्या प्याल्यावर गेल्या. एरगश अकांनी तो कढत प्याला शेवटच्या घोटापर्यंत संपवला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "चहा छान होता, हमदम." मग जोडे घालून ते निघून गेले.

हात चुकला, एवढे दोन शब्द पुरले असते. मास्तरांनी ते त्या दिवशी उच्चारले नाहीत, पुढच्या गुरुवारीही नाहीत. "राग त्यांना आला, त्याला मी काय करू?" एवढेच ते म्हणत. कलिंगडे संपली, थंडी पडली. कालव्याच्या पलीकडून एरगश अका बगलेत रोटी घेऊन जाताना दिसत, पण मान वळवत नसत. नोरबायने चंगेजची बाजू सोडली. मास्तर एकटेच लढाया मांडीत आणि जर्दाळू तसेच पडून राहत. "ती नको, दुसरी आण," असे लोक माझ्याकडे बघून हमदमला सांगू लागले. मी फळीवर मागे गेले आणि माझ्यावर धूळ बसली. तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

नवरोजच्या, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या, आदल्या दिवशी आमच्याकडे रुसलेली माणसे एकमेकांच्या दारी जातात. मास्तरांनी हमदमकडून मला मागून घेतले, कमरेच्या कापडात गुंडाळले आणि एरगश अकांचे दार ठोठावले.

अकांनी त्यांना आत बसवले. माझ्यात ताजा चहा टाकला. घर त्यांचे, म्हणून ओतणार तेच. मास्तर प्याल्याकडे असे बघत होते की जणू त्यांचा निकाल लागायचा होता. मीही धास्तावले होते.

अकांनी दोन घोट ओतले आणि थांबले.

मास्तरांना प्याला उचलवेना. "अका, त्या दिवशी अर्ध्यापर्यंत माझं लक्ष नव्हतं. पुढचा मी मुद्दाम ओतला."

"माहीत आहे. मी तुझ्या हाताकडेच बघत होतो."

"मग प्यालात कशाला?"

"तू काहीतरी बोलशील म्हणून. प्याला संपेपर्यंत वाट बघितली."

मास्तरांची मान खाली गेली. मग प्याला उचलून ते म्हणाले, "अका, मला सोबिरचं सांगा."

मग अका सांगत राहिले. सोबिर घोड्यांना भ्यायचा. कच्चे जर्दाळू खाऊन पोट धरून बसायचा. तो गेल्याचा कागद आला तो छापील होता. त्यावर मोठ्या साहेबांचे नाव छापलेले होते आणि सोबिरचे नाव मोकळ्या सोडलेल्या जागेत पेनाने भरले होते. संध्याकाळपर्यंत मी सात वेळा भरले गेले आणि दर वेळी दोनच घोट ओतले. सेनापतींचे नाव त्या दिवशी कुणी काढले नाही.

हमदमने मला परत मागितले नाही; आता मी अकांच्याच फळीवर असते. गुरुवारी मास्तर येतात. तरी तो काठोकाठ प्याला आठवला की मला अजून मान वर करवत नाही. म्हणून एवढेच मागते, मित्रांनो. वाद जरूर घाला, पण ओतताना समोरच्याच्या प्याल्यावर नजर ठेवा. चूक अर्ध्यावर लक्षात आली, तर तिथेच थांबा. मी किटली आहे, मला थांबता येत नाही. तुम्हाला येते.