धोखेवाले बाबू

"अहो, पुन्हा पहिल्यापासून. आणि हे अपघटन-बिपघटन काहून आणून राहिले मधी? दिल्लीचा साहेब काय परीक्षेला बसला आहे?"

विनता शेगडीपुढे पोळ्या लाटत होती आणि रत्नाकर दारात उभा राहून उद्याचं बोलणं पाठ म्हणत होता. तो साताऱ्याचा, दारूगोळ्याच्या कारखान्यातला रसायनतज्ज्ञ. ती जबलपूरचीच, ओमतीत वाढलेली. पासष्टचं युद्ध पेटलं होतं. तोफांच्या दारूला पक्की कोठारं पुरेनात, म्हणून पेट्या पत्र्याच्या शेडमध्ये रचल्या होत्या. भाद्रपदाच्या उन्हात पत्र्याचा नुसता तवा व्हायचा. दारू अशी तापत राहिली की आतल्या आत कुजते आणि कधीतरी आपली आपण पेटते, हे रत्नाकरने प्रयोगशाळेत पाहिलं होतं. त्याचा जाडजूड इंग्रजी अहवाल वर कुणी उघडलाही नव्हता. उद्या साहेब पाहणीला येणार होते. चहाआधी दोन शब्द हिंदीत बोलायची परवानगी त्याला कशीबशी मिळाली होती.

शेजारचा मुरलीधर त्याच शेडमध्ये पेट्या हलवायचा. कुंपणावरून तो ओरडला, "काय भैया, झालं का पाठ? आमचा जीव तुमच्या जिभेवर आहे बरं!" आणि आपल्याच बोलण्यावर खो खो हसला.

"ओल्या गवताची गंजी आतून पेटते, तसं आहे म्हणा," विनताने सांगितलं. "पण पहिले एकच शब्द. धोका. साहेबाचे कान उभे राहिले पाहिजेत."

"धोका," रत्नाकर निमूटपणे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो भरदुपारीच परतला आणि बूट न काढता पलंगावर बसला.

"ऐकलं साहेबांनी?"

"ऐकलं की. मी म्हटलं, साहब, उस शेड में धोका है."

विनताच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. जन्म हिंदीत गेलेला, पण नवऱ्याला शिकवलं ते घरातल्या मराठीत. हिंदीत धोखा म्हणजे फसवणूक.

"साहेब ताठच झाले. किसने दिया धोखा? मी म्हटलं, गर्मी ने. सगळे हसले, विनता. साहेब म्हणाले, तो गर्मी को थाने में बिठा दें? मग चहा आला. गंजीचं राहूनच गेलं."

"खतरा म्हणायचं होतं हो."

"ते बाहेर आल्यावर कळलं."

त्यानंतर तो रोज कुणा ना कुणाच्या टेबलाशी जाऊन उभा राही. "आइए, धोखेवाले बाबू," म्हणून त्याला खुर्ची मिळे, चहाही मिळे. शेडचं मात्र लड़ाई के बाद.

लढाई थांबल्याचं रेडिओवर सांगितलं, तेव्हा मुरलीधरने गल्लीभर पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी दुपारी शेडच्या बाजूला स्फोट झाला, क्वार्टरांची दारं थरारली, फळीवरची भांडी खाली आली. मुरलीधरची बायको शकु अंगणात वाळत घातलेला त्याचा सदरा हातात घेऊन तशीच उभी राहिली.

कारखान्यात रत्नाकरला पुन्हा कुणी त्या नावाने हाक मारली नाही.

मुरलीधरच्या अस्थी घेऊन तिघं ग्वारीघाटावर गेले. त्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून शकुने कलश रत्नाकरच्या हातात दिला. "तुम्हीच सांगायला गेले होते, भाऊजी," एवढंच ती म्हणाली. नर्मदा अजून गढूळ होती. तो पायऱ्या उतरत गेला, अस्थी सोडल्या, तरी उतरतच राहिला.

"बाबूजी, रुकिए!" नावाडी ओरडला. "आगे खतरा है!"

रत्नाकर कमरेएवढ्या पाण्यात थांबला. "खतरा," तो हळूच म्हणाला. मग पुन्हा, "खतरा." धडा पाठ करणाऱ्या मुलासारखा.

विनता लुगड्यानिशी पाण्यात उतरली आणि तिने मागून त्याचा सदरा मुठीत धरला.