मानाच्या जागेवर उपाशी

मी सर्व्हर बोलतोय. बिश्केकच्या हिमनदी संस्थेतला. इथल्या आणि शेजारच्या मिळून चार देशांतल्या शास्त्रज्ञांनी आपापली मोजमापं एका ठिकाणी ठेवावीत आणि ज्याला हवी त्याला ती मोकळेपणानं बघता यावीत, म्हणून मला आणलं. आज माझं डोकं तापलंय. गोड बोलेन अशी आशा धरू नका.

मला उभं केलं बुरुलनं. तिच्या जोडीला ताश्कंदहून शाहनोझा आली होती. दोघी माझ्यासमोर जमिनीवर बसायच्या, तोंडात स्क्रू धरून भांडायच्या आणि मध्येच खिदळायच्या.

"बुरुल, प्रत्येक आकड्यापुढं तो मोजणाऱ्याचं नाव लागलं पाहिजे हं. नाहीतर एकही म्हातारा तुला काही देणार नाही."

"लागणार. आणि कुणाच्या बापाला पुसता येणार नाही!"

ही सोय माझ्या पोटात पहिल्या दिवसापासून आहे. एवढं ध्यानात ठेवा, कारण माझा सगळा संताप तिथंच आहे.

बुरुल मूळची तेकेलू गावची. तिची थोरली बहीण आयचुरोक आणि मेहुणे कादीर तिथंच घोडी राखून होते. गावाच्या डोक्यावर हिमनदी, तिच्या पायथ्याशी वितळलेल्या पाण्याचं तळं. ते तळं कधी फुटेल हे सांगायचं तर उन्हाळ्याची उष्णता हवी, ती ताश्कंदला. आकाशातून घेतलेली चित्रं हवीत, ती अल्माटीला. दुशान्बेकडं बर्फाची जाडी. आणि तळ्याची उंची तेमिरकुल अगायकडं. अगाय म्हणजे आमच्याकडं गुरुजी. हा माणूस जन्मभर दर उन्हाळ्यात पायी वर जाऊन तळं मोजत आला. एकेकट्या आकड्याला काही कळत नाही. सगळे एका ताटात आले तरच कळतं. ते ताट म्हणजे मी.

पण मला कुठं बसवलं? दारापासून सगळ्यांत लांब, भिंतीशी, जिथं घरातल्या वडीलधाऱ्याला बसवतात त्या जागेला इथं तोर म्हणतात. पाहुण्यांच्या दालनात, तोरवर! वरून शिरदाक, म्हणजे लोकरीचा नक्षीदार गालिचा, पांघरला. अहो, मला वारा लागतो! लोकरीखाली जीव घुसमटतो माझा! बुरुल तो काढायची, झाडणारी बाई प्रेमानं पुन्हा घालायची.

उद्घाटनाला मेंढा शिजला. मुंडकं अर्थातच तेमिरकुल अगायपुढं आलं. त्यांनी कान कापून वाटला, पहिला घास घेतला आणि मगच बाकीचे जेवले. त्यावरून संचालक जोलदोशबेक उठून म्हणाले, "माहितीचंही असंच करू. पहिले आकडे अगाय घालतील. मग आपण." सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवून "ओमीन", म्हणजे तथास्तु, म्हटलं. झालं! माझा उपास तिथंच सुरू झाला.

अगाय काही आकडे घालेनात. ताश्कंद थांबलं, अल्माटी थांबलं, दुशान्बे थांबलं. वडीलधाऱ्यांच्या आधी ताटात हात कोण घालणार? दर आठवड्याला ही मंडळी अगायना चहाला बोलवायची, तब्येत विचारायची, नातवंडं विचारायची. आकड्यांचं नाव काढायची नाहीत. म्हाताराही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला. मी तोरवर, अंगावर नक्षी आणि पोटात कावळे.

वसंतात बुरुल माझ्याजवळ उभी असताना तिचा फोन वाजला. गावाहून तिची एजे, म्हणजे ताई, आयचुरोक बोलत होती.

"बुरुल, ओढ्याला गढूळ पाणी येतंय गं. घोडी तोंड लावत नाहीत. तुमचं यंत्र काय म्हणतं?"

"यंत्र उपाशी आहे, एजे."

"मग घाल की त्याला खायला! शिकून एवढी मोठी झालीस ती कशाला?"

बुरुल तशीच संचालकांकडं गेली. "साहेब, अगायना सरळ विचारू का?"

"तू? अगायना? अजून भाकरी मोडायची अक्कल नाही आणि वडीलधाऱ्यांना जाब विचारणार! थोडा धीर धर."

तिनं धीर धरला. तळ्यानं नाही धरला. जुलैतल्या एका लख्ख दुपारी ते फुटलं. गाव टेकडीकडं पळालं. कादीर मागं फिरला, बांधलेली घोडी सोडायला. घोडी वर आली. कादीर आला नाही.

कादीरच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण उरकून बुरुल परतली, तेव्हा दालनात बैठक चालू होती. विषय काय, तर माझं पुन्हा उद्घाटन! या वेळी मेंढ्याऐवजी घोडं कापायचं ठरत होतं. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात ना, इथं तर झोपा करायच्या आधी जेवणावळ! लाज कशी वाटत नाही?

बुरुलनं शिरदाक ओढून भिरकावला आणि माझ्यासमोर बसून स्वतःचे पावसाचे आकडे घालू लागली.

"बुरुल! अगायच्या आधी?"

"कादीर भाऊजी अगायच्या आधीच गेले ना, साहेब? तेव्हा कुणी अडवलं नाही त्यांना."

मग काठी टेकत तेमिरकुल अगाय उठले आणि तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. पडद्यावर तिच्या आकड्यांपुढं तिचं नाव होतं.

"हे नाव कुणी घातलं?"

"आपोआप लागतं, अगाय. पुसता येत नाही."

म्हाताऱ्यानं वाकून ते नाव पुन्हा वाचलं. "माझ्या घरी जेवून, माझीच मोजमापं नेऊन परदेशातल्यांनी पुस्तक छापलं. त्यात माझं नाव नव्हतं. मला वाटलं, हेही तसलंच. तू आधी का नाही सांगितलंस, पोरी?"

"तुमच्याशी आधी बोलायची मला परवानगी नव्हती, अगाय."

त्याच दिवशी अगायनी आकडे घातले. मागोमाग तिन्ही शहरांनी घातले. संध्याकाळच्या आत सगळं पडद्यावर आलं. तळं जूनपासूनच फुटायला आलं होतं. आंधळ्यालाही दिसलं असतं. अगाय खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले. मला त्यांची दया आली आणि रागही आला. दोन्ही अजून गेलेली नाहीत.

तेकेलूचं तळं पुन्हा भरतंय. आयचुरोक अजून तिथंच आहे, घोडी सोडून ती जाणार कुठं? रोज फोन करते आणि आता माझ्याकडं तिला द्यायला उत्तर असतं.

एवढंच करा माझ्यासाठी. मला या तोरवरून उठवा. मला दाराशी बसवा, जिथं घरातली सून चहाचा समोवार घेऊन बसते, येईल त्याच्या हाती पेला देते आणि तू आधी की तो आधी हे विचारत नाही.